बालसंगोपन : रविवारीं न दुखणारें पोट

आमच्या परिचयाच्या एका भगिनीची पांच वर्षांची कन्या शाळेची वेळ झाली कीं पोट धरून बसे. ओवा झाला, बेंबीवर हिंग झाला. डॉक्टरांनीं तपासलें, त्यांस कांहीं सांपडलें नाहीं. तेव्हां पोर ढोंगी आहे, असा निकाल घरांत लागला. मातेनें मात्र पोट दुखे त्या दिवशीं दिनदर्शिकेवर खूण करण्याचा क्रम ठेवला. महिनाअखेर पाहतां रविवार तेवढे कोरे!

हें ढोंग नव्हे. भयानें पोटांत खरीच कळ येते. परीक्षेच्या सकाळीं आपली काय अवस्था होत असे, हें वडीलधाऱ्यांनीं आठवून पाहावें. काळजी वाटते, हें एवढ्याशा मुलास शब्दांनीं सांगतां येत नाहीं. एकच प्रश्न दहादां विचारणें, सुटलेली अंथरूण ओलें करण्याची खोड परत येणें, क्षुल्लक गोष्टीवरून आकांडतांडव करणें, हीं त्याच काळजीचीं रूपें असूं शकतात.

आमच्या मतें अधिक जपावें तें न रडणाऱ्या मुलास. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनीं इस्पितळांत आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट १९५२ सालीं दाखविला. ती फारशी रडत नसे. वरवर पाहणारास ती रुळली असेंच वाटावें. परंतु रडूं आंवरतांना होणारी तिच्या चेहऱ्याची ओढाताण कॅमेऱ्यानें टिपली होती. पुष्कळ डॉक्टर त्या वेळीं रागावले. पण १९५९ च्या प्लॅट समितीनें मुलांस भेटण्याची आईबापांस मोकळीक असावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे अशा मुलास "किती गुणी!" म्हणून शाबासकी मिळते.

तान्ह्या मुलानें आईवेगळें होतांना रडणें स्वाभाविकच. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तें बहुधा ओसरतें. पण शाळेच्या वयांत असें भय चार आठवडे टिकलें व झोंप, जेवण, शाळा बिघडूं लागली, तर तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास संकोचूं नये.

त्या कन्येचें कोडें वेणी घालतांना उलगडलें. पोट कां दुखतें, असें न विचारतां मातेनें विचारलें, "तूं शाळेंत असलीस म्हणजे घरीं काय होईल असें वाटतें ग?"

"आजोबांसारखी तूंही जाशील."

आजोबांस ती शाळेंत असतांनाच इस्पितळांत नेलें होतें. ते परतले नाहींत, आणि तिला सांगण्यांत आलें कीं ते गांवाला गेले! मातेनें त्या रात्रीं खरें तें सांगितलें. शाळा बंद केली नाहीं, कारण टाळल्यानें भय वाढतेंच. परंतु चोरून निघून जाणें सोडलें, आणि सांगितलेल्या वेळेस ती फाटकाशीं उभी राहूं लागली. गेल्या महिन्यांत दिनदर्शिकेवर खुणा दोनच होत्या. त्यांतली एक, असें ती माता कळविते, कच्च्या कैऱ्यांची होती.