पडलेला दरवाजा आणि रंगवलेला पडदा

आज 3 जून, कलामहर्षी बाबूराव पेंटरांची जयंती. स्वदेशी कॅमेरा घडवणारा कारागीर म्हणून कोल्हापूर त्यांचे गुणगान करील आणि ते रास्तच आहे. पण त्यांना नीट समजून घ्यायचे तर पन्हाळ्यावर जावे, असे आम्हाला वाटते.

गडावर येणारा पर्यटक तीन दरवाजा पाहतो, अंबरखाना पाहतो. चार दरवाजाच्या जागी मात्र पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. 1844 मध्ये कोल्हापूर संस्थानचे कारभारी दाजी कृष्ण पंडितांनी गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींना हात घातला आणि गडकरी उठले. इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हान्सला त्यांनी पकडून याच गडावर डांबले. 1 डिसेंबरला इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले; पुढे चार दरवाजाही जमीनदोस्त झाला. 1857 मध्ये कोल्हापुरातली पलटण उठली आणि पुढे छत्रपती घराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना कराचीला धाडण्यात आले. बाबूराव 1890 मध्ये जन्मले, तेव्हा हे सारे पाहिलेली माणसे शहरात हयात होती.

हे धागे आम्ही जोडतो आहोत. पण बाबूरावांची विषयनिवड पाहा. आनंदराव आणि बाबूराव या भावांनी केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठी पडदे रंगवले, तिथून ते सिनेमाकडे वळले. 1920 च्या ‘सैरंध्री’ या मूकपटासाठी बाबूरावांनी निवडला तो कीचकवध. याच कथेवरच्या खाडिलकरांच्या नाटकातल्या कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसतो म्हणून सरकारने त्यावर 1910 मध्ये बंदी घातली होती. बाबूरावांनी पडद्यावर दाखवलेला वध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीचा छापा दाखवायचा होता, म्हणून त्यांनी कृत्रिम प्रकाश आणला. त्यांच्या तंत्राचे आपण कौतुक करतो. ते तंत्र कशासाठी जन्मले, हे विसरतो. बेचाळीसच्या चळवळीत लोकांनी कोल्हापुरातल्या चौकातला गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला, फोडला. 1945 मध्ये त्या चौकात शिवछत्रपतींचा अर्धपुतळा बसला, तोही बाबूरावांच्याच हातचा.

आणखी एक आठवण, न टाळता सांगायची. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर याच शहरातल्या जमावाने चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. त्यात ‘मीठ भाकर’ हा चित्रपट खाक झाला. भालजींनी तो पुन्हा काढला. परक्यांच्या तोफांबद्दल आपण अभिमानाने बोलतो, आपल्याच हातून लागलेल्या आगीबद्दल गप्प बसतो. कलावंताला दोन्ही सोसावे लागते.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. पण पडदा रंगवण्याची विद्या अजून शिकवता येईल. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालेले केशवराव भोसले नाट्यगृह नव्याने उभे राहत असताना तिथे छापील फलक नकोत. कोल्हापूरच्या कलाविद्यालयांतल्या मुलांकडून एक संपूर्ण पडदा हाताने रंगवून घ्यावा, पन्हाळ्याचा, चार दरवाजासह. त्याखाली 1844 च्या गडकऱ्यांचा उल्लेख असावा. जयंतीचा खर्च यंदा या कामी लावावा, अशी आमची महापालिकेला मागणी आहे.