विश्लेषण : मैदान बारामतीत झाले; प्रेक्षकाच्या ताटाचे काय?

रणजी सामन्यात उपाहाराची सुट्टी ४० मिनिटांची आणि चहापानाची २० मिनिटांची असते. त्या वेळात खेळाडूंच्या जेवणाची सोय ठरलेली असते. प्रेक्षकाच्या जेवणाचा प्रश्न मात्र बहुतेकदा मैदान बांधून झाल्यावरच सुचतो. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र विरुद्ध उत्तराखंड हा रणजी सामना झाला आणि प्रथम श्रेणीचे क्रिकेट इंदापूर-दौंडच्या दाराशी आले. अशा मैदानावर माणसे पुन्हा पुन्हा यावीत असे वाटत असेल, तर खेळपट्टीइतकेच लक्ष पाणी, सावली आणि खाण्याकडे द्यावे लागेल.

दुर्लक्ष केले तर काय होते?

पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमची क्षमता सुमारे ३७ हजार. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने तेथे झाले. तरीही २४ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी, उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी मिळेना. लोकांनी घोषणा दिल्या आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. जागतिक दर्जाचे मैदानही पाण्याच्या घोटापाशी अडले.

बारामतीची जमेची बाजू कोणती?

गहुंजे द्रुतगती मार्गाच्या कडेला, शहरापासून दूर आहे. बारामतीत मात्र शहर जवळच आहे. मिसळ, वडापाव, पिठलं-भाकरी आणि उसाच्या पट्ट्यातली रसवंती यांसाठी वेगळे ‘फूड कोर्ट’ उभारण्याची गरज नाही. वाहन असेल तर इंदापूर तालुक्यातले भिगवणही फार लांब नाही. उजनीच्या पाणफुगवट्यातल्या मरळ, चिलापी यांच्या थाळीसाठी पुणे-सोलापूर महामार्गावरचे प्रवासी तेथे मुद्दाम थांबतात. रणजीचा हंगाम आणि भिगवणला रोहित पक्षी येण्याचा काळ, दोन्ही हिवाळ्यातले. सकाळी पक्षी, दुपारी थाळी आणि मग शेवटच्या सत्राचा खेळ, असा दिवस सहज आखता येतो.

कायदा काय सांगतो?

पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार विक्रीच्या जागा ठरवताना नगर पथविक्रेता समितीला विचारावे लागते. या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. म्हणजे सामन्याच्या दिवशी हातगाड्या हाकलणे हा एकमेव मार्ग नव्हे. मैदानाबाहेर त्यांची जागा आधीच आखून देता येते.

मग अडचण कुठे आहे?

सुरक्षा, अस्वच्छता आणि कचरा ही कारणे पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. काचेची बाटली आत नको, हे मान्यच. पण भाकरीच्या डब्याने कोणती सुरक्षा धोक्यात येते? सगळे खाणे एकाच ठेकेदाराकडे दिले की देखरेख सोपी होते. पण दर वाढले तर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही. चौघांच्या कुटुंबाला तिकिटापेक्षा खाणे महाग पडले, तर पुढच्या वेळी ते घरीच टीव्ही लावतील. सर्वात आधी गळतात त्या लेकरे घेऊन आलेल्या बायका आणि म्हातारी माणसे.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक प्रवेशद्वाराशी मोफत पाणी, घरचा डबा नेण्याची मुभा, महिला बचत गटांना काही गाळे, ठळक दरफलक आणि स्वच्छ स्वच्छतागृहे एवढे पुरे. गर्दीला खाऊ घालणे या भागाला नवे नाही. तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीत रिंगणासाठी थांबते, तेव्हा गावोगावचे लोक वारकऱ्यांच्या जेवणाची आणि पाण्याची काळजी घेतात. दरवर्षी हे जमवणाऱ्या मुलखाला चार दिवसांच्या सामन्यात प्रेक्षकाची भूक-तहान भागवणे जड जाऊ नये.