व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी

शेगावात सकाळी मोबाइल उघडला की दोन व्हिडिओ हमखास दिसतात. एक सांगतो, तूप-तेल सोडा. दुसरा म्हणतो, तूप खा, पण भात आणि भाकरी सोडा. दोन्ही श्रद्धेने पुढे पाठवले जातात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर उभी राहिलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळच्या जेवणाची पद्धतही अशाच व्हिडिओंतून घरोघर पोचली. वजनाविषयी लोक बोलू लागले, हे चांगलेच झाले.

पण चरबी कमी की पिष्ट कमी, या वादाचे उत्तर काय? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांवर वर्षभर प्रयोग केला. 2018 साली निष्कर्ष आले: कमी चरबीवाल्यांचे वजन सरासरी 5.3 किलो घटले, कमी पिष्टवाल्यांचे 6 किलो. हा फरक नगण्यच. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाज्या भरपूर खायला सांगितले होते. आपली ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी या सल्ल्यापासून दूर नाही. मैद्याची, तेलात तळलेली कचोरी मात्र दोन्ही पद्धतींत बसत नाही. ती कधीमधीच बरी.

खरी काळजी मधुमेहींची आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना एकाएकी जेवण टाळले वा भाकरी-भात बंद केला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. व्हिडिओ करणाऱ्याला तुमच्या आईच्या गोळ्या ठाऊक नसतात. तिचा आहार बदलण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारा.