निकालाची टक्केवारी आणि जळकोटची मुले

मे २०२५ मध्ये दहावीचा निकाल लागला, तेव्हा राज्यात शंभर टक्के गुण मिळविणारे २११ विद्यार्थी निघाले आणि त्यांतील ११३ एकट्या लातूर विभागाचे होते. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, ही संख्या १८७ पैकी १२३ होती. साहजिकच शहरात पेढे वाटले गेले आणि अभिनंदनाचे फलक झळकले. परंतु त्याच निकालपत्रातील दुसरा आकडा कोणत्याही फलकावर चढला नाही. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला, लातूर विभागाचा ९२.७७. बारावीत तर लातूर, नांदेड व धाराशिव या तीन जिल्ह्यांचा हा विभाग ८९.४६ टक्क्यांवर, म्हणजे राज्यातील नऊ विभागांत शेवटच्या स्थानी राहिला. कळस सोन्याचा आणि पाया भेगाळलेला, अशी ही इमारत आहे.

गुणवंतांच्या यशाला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. 'लातूर पॅटर्न'मागे राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतील शिक्षकांचे परिश्रम आहेत, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच की, या यशाचा प्रकाश जळकोटपर्यंत पोहोचत नाही.

जळकोट हा पूर्वी उदगीर तालुक्यात मोडणारा, आता स्वतंत्र असलेला, बालाघाटच्या डोंगररांगांतील तालुका. जमीन हलकी, शेती पावसाच्या भरवशावर, वस्ती वाड्यातांड्यांतून विखुरलेली. दिवाळी सरली की अनेक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि गाळपाचा हंगाम मार्चपर्यंत चालतो. दहावीची परीक्षा नेमकी याच काळात येते. नववीतील मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबली, तर ती नापास होत नाही. ती परीक्षार्थींच्या यादीतच येत नाही. समजा, आठवीत शंभर मुले होती, त्यांतील साठ परीक्षेला बसली आणि सत्तावन्न उत्तीर्ण झाली. शाळेचा निकाल ९५ टक्के म्हणून जाहीर होईल. उरलेल्या चाळीस मुलांचा हिशेब कोणीही विचारणार नाही. टक्केवारीचा हा भ्रम आम्हांस नापास होण्यापेक्षाही घातक वाटतो.

मराठवाड्यात गरिबांच्या मुलांचा माध्यमिक शिक्षणाचा आधार म्हणजे जिल्हा परिषदेची प्रशाला. निजामी राजवटीत उर्दूच्या वर्चस्वामुळे मराठी मुलांना ज्ञानाचे दार अर्धेच उघडे होते. १९४८ च्या मुक्तीनंतर ते खुले झाले, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर सरकारी प्रशाला त्यांच्याकडे आल्या. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी पाटी धरली नव्हती, अशी एक पिढी या प्रशालांतून शिकून पुढे आली. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, हे या भूमीने विसरू नये.

आज प्रशालेची अवस्था काय? ज्याला ऐपत आहे तो मुलाला उदगीर-लातूरला धाडतो. त्यामुळे पट घटतो. पट घटला की शिक्षकपदे घटतात. पदे घटली की एकाच शिक्षकावर दोन-तीन विषयांचा भार पडतो. आणि ते पाहून उरलेले पालकही पाय काढतात. शिक्षणहक्काचा कायदाही चौदाव्या वर्षी, आठवीच्या उंबरठ्यावर, मुलाचा हात सोडतो. ज्या वयात घर त्याला कमावता समजू लागते, त्याच वयात राज्याने अंग काढून घ्यावे, हा कोठला न्याय?

उपाय असाध्य नाहीत. पहिला म्हणजे, निकालाबरोबर प्रत्येक शाळेची आणखी एक संख्या प्रसिद्ध व्हावी: आठवीत किती मुले होती आणि त्यांतील किती दहावी उत्तीर्ण झाली. ती कटू असेल. पण रोग लपवून औषध करता येत नाही. दुसरा, गणित, विज्ञान व इंग्रजी यांचे शिक्षक डोंगरी तालुक्यांत पटसंख्येच्या काट्यावर तोलले जाऊ नयेत. शाळा जूनमध्ये उघडण्यापूर्वी ती पदे भरलेली असावीत. तिसरा, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत नववी-दहावीच्या मुलींना अग्रक्रम मिळावा, आणि हंगाम सुरू होण्याआधी त्यांची राहण्याची सोय झालेली असावी.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जात नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच हा प्रश्न आम्ही त्यांच्यापुढे मांडीत आहोत. शिकवणीवर्गांची वार्षिक फी भरू शकणाऱ्या वर्गाचा शब्द जिल्हा परिषदेत आणि विधिमंडळात ऐकला जातो. फडावर गेलेल्या बापाचा ऐकला जात नाही. पुढील निकालाच्या दिवशी शंभर गुणवाल्यांचे कौतुक अवश्य करावे. मात्र जळकोटच्या प्रशालेतून आठवीनंतर किती मुले गळाली, हाही प्रश्न त्याच दिवशी, त्याच आवाजात विचारला गेला पाहिजे.