तलावाची उथळ कड राखा

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मामा तलाव आणि शेतातल्या बोड्या आजही तुमच्या धानाला पाणी देतात. पावसाळा सरला की पाणी मागे हटतं आणि काठाला ओला चिखल उघडा पडतो. ती जागा पडीक समजू नका.

सकाळी जरा थांबून बघा. शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवत चालतो, तो तुतवार. लांब लाल पायांचा शेकाट्या. तुरुतुरु पळून एकदम थबकतो, तो चिखल्या. तुतवार हिवाळा काढायला उत्तरेकडून येतात, काही पार सायबेरियातून. चिखलातले किडे, अळ्या, गोगलगायी हेच त्यांचं जेवण. बदकांसारखं त्यांना खोल पाण्यात चरता येत नाही. पाय टेकतील एवढंच पाणी लागतं.

म्हणून गाळ काढायचं ठरलं की आधी गावात बसून बोला. गाळ जरूर काढा, शेताला तो हवाच. पण जेसीबीवाल्याला चारही बाजूंनी उभा खड्डा खणू देऊ नका. एक बाजू उतरती ठेवायला सांगा. यात तुमचंही भलं आहे. उभ्या कडेवरून म्हैस घसरते. खेळणारं पोर एका पावलात बुडतं. उतरत्या काठाला गुरं निवांत पाणी पितात.

गाळपेर करत असाल तर पाण्यालगतची एक पट्टी तशीच सोडा. फवारणीचा पंप तलावात धुऊ नका. तिथलेच मासे तुमच्या ताटात येतात.

वैनगंगेच्या रेतीत तर फार जपा. मार्च ते मे या महिन्यांत नदी टिटवी आणि चिखल्या उघड्या रेतीवरच अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा. अंडी रेतीच्याच रंगाची, त्यामुळे ट्रॅक्टरखाली चिरडली तरी कळत नाही. टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली की जवळपास अंडी-पिल्लं आहेत असं समजा आणि आल्या वाटेनं मागे फिरा. सोबतचं कुत्रं आवरा. तिचं ओरडणं अशुभ म्हणून दगड मारू नका; आई आहे ती.

फासे किंवा जाळी लावणारं कुणी दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नका. पक्षी मारणं, अंडी उचलणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि गावाचं, तलावाचं नाव नीट सांगा.