शिकाऊ खरा, पण शिकवतो कोण?

तरुणांच्या बेकारीवर एक रामबाण उपाय आपणांस हल्ली ऊठसूट ऐकविला जातो: मुलांना कारखान्यात शिकाऊ म्हणून धाडा! उपाय खोटा नाही. हाती कधी कानस न धरलेला मुलगा पदवीच्या भेंडोळ्यावर कारागीर होत नाही, हे शाळामास्तराला कोणी सांगावयास नको. पण बाटलीवर औषधाचे नाव आहे, तेव्हा आत औषधच आहे ना, हे पाहण्याचा हक्क रोग्याला असावा.

पिंपरी, भोसरी, चाकण ही आपल्या पुण्याची भाकरी. तिथे जाणाऱ्या शिकाऊ पोरांसाठी १९६१ सालचा कायदा आहे. त्याचे अठरावे कलम म्हणते, हा उमेदवार शिकणारा आहे, कामगार नव्हे. म्हणून त्याला पगार नाही, विद्यावेतन. ठीक! पण अकरावे कलम मालकालाही बजावते की, त्याला धंदा शिकवा; स्वतः पात्र नसाल, तर पात्र माणूस त्याच्यावर नेमा. अठरावे कलम ज्यांना तोंडपाठ, त्यांना अकराव्याचा विसर पडावा, हा योगायोग मोठा सोयीचा आहे!

'काम करता करता पोरगा शिकतोच की,' असे मालकलोक म्हणतात. वर्षभर एकाच यंत्राचे एकच बटण दाबणारा पोरगा दुसऱ्या दिवशी जेवढे शिकला, त्याहून अधिक काय शिकणार? जुना उस्ताद काही देवमाणूस नव्हता. तो झाडू मारायला लावी, टपलीही देई. पण पोराने लावलेली चौकट वाकडी निघाली, तर गावात नाव उस्तादाचे जाई.

२०२४ साली राज्य सरकारने युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. सहा महिने, दरमहा ६,००० ते १०,००० रुपये. पैसे किती, हे गावोगाव ठाऊक झाले. शिकवणार कोण, हे किती जणांनी विचारले?

आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक शिकाऊ मुलाच्या करारावर त्याच्या उस्तादाचे नाव लिहा, आणि त्याने काय काय शिकविले ते मुदतीअखेर त्याच्या सहीनिशी मुलाच्या हाती द्या. असे नाव सापडत नसेल, तर त्या मुलाला सरळ कामगार म्हणा आणि कामगाराचा पगार मोजा. गुरूवाचून भरणाऱ्या शाळेला आम्ही मास्तर शाळा म्हणत नाही.