कॉफीतलं कंदमूळ



गेल्या डिसेंबरात श्रवणबेळगोळला बाहुबलींचं दर्शन घेऊन आम्ही सकलेशपूरला गेलो. जिल्हा तोच, हासन. नणंदेच्या ओळखीच्यांचा तिथे कॉफीचा मळा आहे.

मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं, वरच्या झाडांवर मिरीचे वेल. मार्च-एप्रिलच्या वळवाच्या सरींनंतर पांढरी फुलं येतात आणि हिवाळ्यात फळं लाल होतात. सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून बायका पुन्हा पुन्हा फिरून पिकलेली तेवढीच हाताने तोडतात. मग यंत्रात साल काढतात, चिकट गर टाकीत आंबवून धुतात आणि बिया उन्हात वाळवतात. काही ठिकाणी आख्खं फळच वाळवतात, त्याला तिकडे ‘चेरी’ म्हणतात. आंबवणं ज्यांना खटकतं त्यांनी ही विचारून घ्यावी. शेवटी टरफल काढून बी भाजायची आणि दळायची. म्हणजे कॉफी ही फळातली बी. कंदमूळ कुठेच नाही.

घरी येऊन सहज आमचं पाकीट वाचलं. कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी म्हणजे काय? एका झाडाचं मूळ! भाजून, दळून रंगासाठी आणि कडवटपणासाठी मिसळतात. त्यात लपवाछपवी काही नाही. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. वाचत नव्हते ती मीच.

सासूबाईंचा कंदमुळाचा आजीवन त्याग आहे. ११ वर्षं रोज सकाळी त्यांना कॉफी मीच करून देते. दोन दिवस सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “नकळत झालं, त्याची आलोचना करू. कळल्यावर मात्र नको.”

कुणी म्हणेल, सुंठ-हळद चालते, मग वाळवलेली चिकोरी का नाही? माझं मत असं, की सुंठ आपण चिमूटभर घेतो, तीही बहुधा औषध म्हणून. इथे निम्मा कप मूळच आहे आणि तेही नुसत्या रंगासाठी. ज्यांचा त्याग नाही त्यांना मी काही म्हणत नाही. पण बटाटा वर्ज्य करून हे रोज प्यायचं, हे मला पटत नाही.

दळून देणाऱ्या दुकानात “बिनचिकोरीची” म्हणून मागा. इन्स्टंटची बाटलीही मागून वाचा, काहींत चिकोरी असते. किंमत जास्त पडते, रंग फिका येतो. आम्ही अर्धा चमचा पूड वाढवली आणि दिवसाचा दुसरा कप बंद केला. खर्च जवळपास तेवढाच राहिला.

आज स्वयंपाकघरात गेलात की पाकीट उलटं करून बघा. घरातल्या मोठ्यांचा नियम आपल्या हातून पाळला जातो, एवढं लक्षात असू द्या.